माझे मिलिसेकंद कोण खात होतं

स्वयंपाकघरात एक गोल घड्याळ लावलंय मी, ६० एलईडींची रिंग, डब्ल्यूएस२८१२बी (ज्यांना रंग डेटा पाठवून सांगायचा असतो असे एलईडी), मागे अर्डुइनो उनो, म्हणजे त्यांना चालवणारा छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड. दुपारी बाराला मोबाइल बघून वेळ लावली आणि संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या तेव्हा आई म्हणाली, "अरे, तुझ्या घड्याळात अजून सहा एक्कावन्नच झालेत." सात तासांत जवळपास नऊ मिनिटं गायब!

आधी या एलईडींचं सांगतो, कारण भानगड तिथूनच सुरू होते. डेटाची वायर एकच, त्यामुळे शून्य की एक हे पिन किती वेळ हाय (म्हणजे चालू) राहिली यावरच ठरतं. एक बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा, त्यातले ०.४ हाय असेल तर शून्य, ०.८ असेल तर एक, आणि इकडेतिकडे चालतं ते फक्त ०.१५. उनो १६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे एक सायकल, चिपचं एक पाऊल, ६२.५ नॅनोसेकंदांची, म्हणजे अख्ख्या बिटला २० सायकल. संपलं.

लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) वापरायची नाही असा माझा हट्ट (उगाच, पण आहे). पहिल्यांदा डिजिटलराइटने (पिन चालू-बंद करायची अर्डुइनोची नेहमीची आज्ञा) केलं तर अख्खी रिंग पांढरीफटक. कारण ते बसतं पिन नंबरवरून पोर्ट (चिपमधला पिनांचा गट) शोधत, त्या पिनवर पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद होणारा सिग्नल) चालू आहे का बघत, यात काही मायक्रोसेकंद जातात आणि तोवर एलईडीने प्रत्येक बिट "एक" म्हणून घेतलेला असतो. मग असेंब्लीत, म्हणजे थेट चिपच्या भाषेत उतरलो, पोर्टवर थेट एसबीआय (बँक नव्हे, पिन हाय करायची आज्ञा), जी २ सायकल घेते, आणि मध्ये मोजून नॉप, म्हणजे काहीच न करता एक सायकल घालवणारी आज्ञा. जमलं. तरी मधूनच एखादा एलईडी भलत्याच रंगात चमकायचा, तो टायमर झीरोचा (चिपमधल्या वेळ मोजणाऱ्या काउंटरचा) इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून मध्येच घुसणारं काम, शून्याच्या हायमध्ये टपकला की शून्याचा एक झालाच. म्हटलं ठीक आहे, डेटा जाईपर्यंत इंटरप्टच बंद. चमकणं थांबलं, मी खूश, आणि घड्याळाची वाट तिथेच लागली.

दोन दिवस मी रेझोनेटरला, म्हणजे चिपला ठोके देणाऱ्या भागाला, शिव्या घातल्या. उनोच्या मुख्य चिपला जास्त अचूक असा क्रिस्टल नसतो, सिरॅमिक रेझोनेटर असतो, अर्धा टक्का चुकला तरी तासाला १८ सेकंद जातात. पण माझे तासाला ७४ जात होते! शेवटी एलईडीला डेटा पाठवायची कोडची ओळ कमेंट (तात्पुरती बंद) केली, नुसतं कॉम्प्युटरवरच्या सीरियल मॉनिटरवर वेळ छापली, तर घड्याळ सुतासारखं सरळ.

मग कागद घेतला. मिलिस, म्हणजे अर्डुइनोचं मिलिसेकंद मोजणारं फंक्शन ज्यावर माझं घड्याळ चालायचं, ते चालतं टायमर झीरोच्या ओव्हरफ्लोवर (काउंटर भरून परत शून्यावर येतो तो ठोका), दर १.०२४ मिलिसेकंदांनी एक, आणि तो ठोका मोजतो तोच इंटरप्ट. ६० एलईडी, प्रत्येकी २४ बिट, एकूण १४४० बिट, म्हणजे १.८ मिलिसेकंद इंटरप्ट बंद. तेवढ्यात एक ओव्हरफ्लो आला तर फ्लॅग (ठोका आल्याची एका बिटाची खूण) वर होतो आणि नंतर मोजला जातो. पण दुसरा आला तर फ्लॅग आधीच वर आहे ना, तो दोनदा कसा वर होणार? गेला तो ठोका. माझा कोड आधी रंगांचा हिशेब करून मग डेटा पाठवायचा, त्यामुळे दर फ्रेमला (रिंग एकदा नव्याने रंगवली की एक फ्रेम) दोन ओव्हरफ्लो बरोबर त्या खिडकीत सापडायचे. सेकंदाला २० फ्रेम, २० ठोके गायब, २०.४८ मिलिसेकंद, तासाला ७४ सेकंद. आकडा जुळला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मी एकटाच हसत बसलो होतो.

आता वेळेचं काम डीएस३२३१ या वेगळ्या घड्याळ-चिपकडे दिलंय, वर्षाला मिनिटभर चुकेल फार तर. तिच्या एसक्यूडब्ल्यू (ठोके बाहेर देणाऱ्या) पिनवरून दर सेकंदाला एक ठोका उनोच्या २ नंबर पिनच्या इंटरप्टला येतो. इंटरप्ट बंद असताना आला तरी १.८ मिलिसेकंद थांबतो एवढंच, दुसरा यायला अख्खा सेकंद असतो, तेव्हा एक फ्लॅग पुरतो. फक्त हा १ हर्ट्झचा सिग्नल पॉवर दिल्यावर आपोआप सुरू होत नाही, चिपच्या कंट्रोल रजिस्टरमध्ये (सेटिंगच्या कप्प्यात) शून्य लिहावं लागतं, यातही माझी एक संध्याकाळ गेली ते सोडा.

परवा सातच्या बातम्या लागल्या तेव्हा रिंगवर सात वाजून दोन सेकंद झाले होते. आई म्हणाली, पुढे गेलं की रे आता. म्हटलं आई, ते बरोबर आहे, टीव्हीच मागे आहे. तिला काही पटलेलं नाही.