आज एस्प्रेसोचा शॉट मस्त लागला!

पावसाळा सुरू झाला की आमच्या कॉफी शॉपमध्ये सकाळी आधी ग्राइंडरकडे बघावं लागतं, हवा दमट झाली की कालच्याच सेटिंगवर शॉट, म्हणजे मशीनमधून काढलेली थोडीशी कडक कॉफी, वेगळाच उतरतो. आज बाहेर धो धो पाऊस आणि टीममधली सोलापूरची नवीन पोरगी मशीनवर, १८ ग्रॅम कॉफी मोजायची, टायमर लावायची, चव घ्यायची, ओतून द्यायची, परत पहिल्यापासून. मी मुद्दाम मधे पडले नाही. शेवटी २८ सेकंदांत मधासारखी धार पडली आणि ती "मॅडम, जमलं!" म्हणून एवढ्या जोरात ओरडली की लाइनमधले लोक पण हसायला लागले. ड्यूटी रोस्टर, स्टॉक, वेस्टेज, टार्गेट यातच स्टोअर मॅनेजरचा दिवस जातो, पण मला विचाराल तर पोरं शिकताना बघणं हेच या नोकरीतलं सगळ्यात भारी काम. उद्यापासून ओपनिंगला ग्राइंडर तिच्याकडेच देतेय.