रक्त घ्यायला शिकताना: बोटाला लागते ती शीर

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या इंटर्नशिपमध्ये आमच्या मॅडमनी रक्त घ्यायला शिकवलं ते आधी सुईशिवाय. आम्ही मुली एकमेकींच्या कोपरात डोळे मिटून शिरा चाचपत बसायचो. शीर दाबली की दबते आणि बोट सैल केलं की वर येते. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, कडक लागते, दबत नाही. ठोका जाणवला तर ती धमनी, तिथे सुई लावायचीच नाही. कोपराच्या मधोमध असलेली मीडियन क्युबिटल शीर सगळ्यात भरवशाची. आतल्या अंगाच्या शिरेशेजारी धमनी आणि मज्जातंतू असतो, म्हणून तिकडे शक्यतो जायचं नाही.

हे सगळं पटलं ते एका आजींमुळे. हातावर निळ्या रेषा ठळक दिसत होत्या आणि नव्या माणसाला त्यांचाच मोह होतो. पण म्हातारपणी या वरवरच्या शिरा सुई लागताच सरकतात. मॅडम म्हणाल्या, "बघू नकोस, चाचप." कोपरात काहीच दिसत नव्हतं, पण बोटाला लागली. अंगठ्याने कातडी खाली ताणून धरली, सुईचं तिरकं तोंड वर, कोन ३० अंशांच्या आत. बल्ब, म्हणजे रक्ताची नळी, भरायला लागला तरी आजी विचारत होत्या, "टोचलंस होय गं?"

पट्टा कोपराच्या चार-पाच बोटं वर बांधायचा आणि मिनिटाभरात सोडायचा. तो जास्त वेळ आवळला किंवा पेशंटला सारखी मूठ उघड-मीट करायला लावली, तर पोटॅशियम खोटंच वाढून येतं. ही मुठीची सवय सर्रास दिसते, ती मोडायलाच हवी. ७० टक्के अल्कोहोलने पुसल्यावर जागा ३० सेकंद वाळू द्यायची. फुंकर नाही, परत बोटही नाही. जागा विसरू नये म्हणून मी शेजारचा तीळ किंवा सुरकुती आधीच हेरून ठेवते.

टोपणाच्या रंगाप्रमाणे बल्बांचा क्रम आधी निळा, मग लाल, हिरवा, जांभळा आणि शेवटी करडा. जांभळ्यातलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, पोटॅशियमयुक्त असतं. त्याचा अंश लाल बल्बात गेला तर पोटॅशियम जास्त आणि कॅल्शियम कमी दिसतं, आणि नसलेल्या आजारावर औषध सुरू होऊ शकतं.

"तुम्हीच पाटील काका ना?" असं कधीच विचारू नये. कमी ऐकू येणारा माणूस नुसती मान डोलावतो. "पूर्ण नाव सांगा, वय सांगा" म्हणायचं, आणि रक्त घेतल्यावर लेबल त्यांच्यासमोरच लावायचं.

सुई काढायच्या आधी पट्टा सोडलेला हवा. मग कापूस दाबून हात सरळ ठेवायला सांगायचं. कोपर दुमडलं की आत रक्त साकळून काळंनिळं पडतं. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. कटरमध्ये कापून ती थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जाते. सुई स्वतःलाच टोचली तर जागा पिळत बसू नये. साबण-पाण्याने धुऊन लगेच कळवावं, कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, आणि ७२ तासांच्या आतच सुरू व्हावं लागतं.

हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी असते. म्हणजे इंटर्नशिपच्या तोंडावर पहिला डोस घेऊन भागत नाही. कॉलेजांनी तो प्रवेशाच्या वेळीच द्यावा. कॉलेज देत नसेल, तर मुलींनो, स्वतः जाऊन घ्या.