आधी कोणी जळायचं?

आमच्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौसेनं चालवायच्या बिनतारी संचाच्या, ताकद वाढवणाऱ्या अँप्लिफायरमध्ये ८१३ नंबरचा काचेचा व्हॉल्व्ह आहे, जुन्या रेडिओत असायची तशी निर्वात नळी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बर विमानांत एआरटी-१३ नावाचा ट्रान्समीटर असायचा, त्याच्या शेवटच्या टप्प्यात हाच बसलेला असे. जवळजवळ वीतभर उंची, पोटात काळाभोर ग्राफाइटचा ॲनोड, म्हणजे धन ध्रुव. फिलामेंट पेटलं की उजेड असा, की भारनियमनाच्या रात्री त्यावर पोथी वाचावी. भारनियमनात तो पेटणार कसा, हा भाग वेगळा.

या व्हॉल्व्हांना एक खोड असते. सगळं सुरळीत चाललेलं असताना आत एकदम निळा झपकारा होतो, फट् आवाज येतो, मीटरचा काटा पार टोकाला जाऊन आपटतो. आत निर्वात असतं म्हणतात, पण थोडाफार वायू राहतोच. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या व्हॉल्व्हच्या काचेतून, धातूतून आणखी सुटतो. एखादा बारीक कण सैल होतो. अशा व्हॉल्व्हवर २००० व्होल्ट लावले की वीज मधली जागा ओलांडून सरळ वाट काढते. यात जुन्या मालालाच दोष द्यायचं कारण नाही. लाँग आयलंडवर रॉकी पॉइंट इथं आरसीए कंपनीचं अवाढव्य प्रक्षेपण केंद्र १९२१ साली सुरू झालं. तिथल्या व्हॉल्व्हांतही हे व्हायचं, म्हणून त्या जागेच्या नावावरून या झपकाऱ्याला जाणकार आजही 'रॉकी पॉइंट इफेक्ट' म्हणतात. म्हणजे मोठ्या घरचंच दुखणं आहे हे.

गावातल्या वायरमनला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "एमसीबी हाय ना गुरुजी? मंग कायले भेता?"

प्रश्न रास्त आहे, पण एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढला की आपोआप पडणारा स्विच, उभा आहे तो दारात, आणि चोर आधीपासून घरात. व्हॉल्व्हला मारणारा प्रवाह खांबावरून येत नाही, तो पॉवर सप्लायच्या कपॅसिटरांत, म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्यांत, भरून ठेवलेला असतो. ३२ मायक्रोफॅरड, २००० व्होल्ट, म्हणजे ६४ जूल. एमसीबी पडायला काही मिलिसेकंद तरी घेतो. तोवर इकडचा कार्यक्रम आटोपलेला असतो.

म्हणून त्या कपॅसिटरांच्या आणि व्हॉल्व्हच्या मधे एक तारेचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडवणारा भाग, टाकायचा. माझा २५ ओहमचा आहे, बोटभर लांब, पांढऱ्या सिरॅमिकचा. हॅम मंडळी त्याला 'ग्लिच रेझिस्टर' म्हणतात. एरवी त्यातून ०.२ अँपिअर जातो, तेव्हा त्याच्यावर ५ व्होल्ट पडतात आणि तो जेमतेम १ वॉट गरम होतो. २००० मधले ५ कोण विचारतो? पण आत झपकारा झाला, की तोच ८० अँपिअरच्या वर काही जाऊ देत नाही. तो नसता तर आकडा शेकड्यांत गेला असता आणि व्हॉल्व्हच्या आतल्या ग्रिडची, म्हणजे जाळीची, बारीक तार वितळली असती. तो आखूड मात्र नको, नाहीतर ठिणगी त्याच्या डोक्यावरूनच उडी मारते. फार मोठा झटका बसला तर तो स्वतः तडकतो. तडकू दे. व्हॉल्व्ह वाचला ना!

स्वस्तानं आधी जळायचं आणि महागाला वाचवायचं, ही गोष्ट आमच्या शिवारात समजावून सांगायला फार त्रास पडू नये, पण पडतो. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की रात्री सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि डीपीवरच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) किटकॅटमधली, म्हणजे फ्यूजमधली, तार उडते. दोनतीनदा उडाली की कोणीतरी वैतागून ॲल्युमिनियमचा जाड पेड पिळून बसवतो. झाली कटकट बंद! मग तार काही उडत नाही, डीपीच जळते. नवी येईपर्यंत वावरात हरभरा माना टाकतो, आणि पारावर चर्चा रंगते की अलीकडच्या डीपीत काही दम राहिला नाही.

मीटर वाचवणाऱ्या डायोडांचंही थोडक्यात सांगतो; डायोड म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग. माझ्या जोडणीत सप्लायची ऋण बाजू चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, थेट जोडलेली नाही, मधे मीटरचे छोटे रेझिस्टर आहेत. झपकाऱ्यात ती बाजू एका फटक्यात शेकडो व्होल्ट खाली फेकली जाते आणि मीटर भाजून निघतो. ३ अँपिअरचे, १००० व्होल्टचे साधे डायोड तिथे लावले की भागतं. स्वस्त पडतात, उगाच काटकसर करू नये.

काही झपकारे मात्र व्हॉल्व्हच्या बाहेरचे, आणि ते अस्सल आमच्या मातीतले. सोयाबीन काढताना कुटाराची धूळ उडते, ती ट्यूनिंग कपॅसिटरच्या पात्यांवर बसते. श्रावणात ती ओलावा धरते. पालींना गरम डबा फार आवडतो. सगळ्यांत वरताण म्हणजे वानरं. लिंबाच्या झाडापासून खांबापर्यंत ताणलेली अँटेना म्हणजे त्यांना झोपाळा. तार तुटली की अँप्लिफायरवरचा भार नाहीसा होतो, रेडिओ लहरींचा व्होल्टेज कुठल्या कुठे चढतो आणि पात्यांमध्ये चरचर सुरू होते. वानरांवर डायोड नाही. म्हणून बोलण्याआधी एसडब्ल्यूआर मीटरकडे (अँटेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणाऱ्या) नजर टाकायची आणि कमी ताकदीवर सूर जुळवून घ्यायचा.

पडून राहिलेला व्हॉल्व्हही एकदम जुंपायचा नाही. आधी नुसतं फिलामेंट काही तास पेटतं ठेवायचं, मग डिमरस्टॅटने, म्हणजे व्होल्ट कमीजास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरने, व्होल्ट हळूहळू चढवायचे. घाई असेल त्याने ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर घ्यावा.

हे सगळं व्हॉल्व्हच्या जिवासाठी. माणसाच्या जिवासाठी कपॅसिटरांवर साठलेली वीज हळूहळू रिती करणारे ब्लीडर रेझिस्टर असतात. स्विच बंद केला की काटा २००० वरून रमतगमत शून्यावर येतो. तरी मी त्यावर विसंबत नाही, कारण ब्लीडर कधी तुटलेला असेल ते बाहेरून दिसत नाही. प्लग उपसायचा, थांबायचं, मग चासीला वायर जोडलेली लांब फायबरची कांडी लावायची, आणि त्यानंतरच हात. घरच्यांना एवढंच बजावून ठेवलंय, की दिवाळीची साफसफाई घरभर करा, पण या डब्याची धूळ मी पुसेन.