तुम्ही विचारलंत म्हणून: तिथे नुसती ख्रिसमस ट्रीच ना?

फिनलंडहून परत येऊन वर्ष होत आलं तरी प्रश्न तोच. आमच्या गोव्यात, डिचोलीच्या बाजारात कोणी भेटो, देवळात भेटो की लग्नाच्या पंगतीत, "काका, तीन महिने काय केलंत हो तिथे? बघण्यासारखं काय आहे, नुसती ख्रिसमस ट्रीच ना सगळीकडे?" आधी मी "होय रे, ख्रिसमस ट्री आणि डास" म्हणून सोडून द्यायचो, पण परवा एका बारशाला तिघांनी पाठोपाठ तेच विचारलं तेव्हा म्हटलं एकदा बसून लिहूनच काढू, पुढच्या वेळी फोनवर पाठवून देता येईल आणि मला जेवता येईल.

तर मुलगी आणि जावई औलूला असतात, फिनलंडच्या उत्तरेकडे, समुद्राकाठचं शहर. आम्ही दोघं जूनमध्ये गेलो आणि चवथीच्या आधी परत आलो, व्हिसा तेवढाच. आमच्याकडे पाऊस कोसळत होता तेव्हा तिथे रात्री साडेअकराला ऊन, झोप लागेना, मग माणूस फिरणार नाही तर काय करणार. आणि फिरायला घराबाहेर पडलं की जंगलच, देशाचा पाऊणएक भाग जंगल आहे. त्याला बोरियल जंगल म्हणतात, रशियाकडे तैगा, नॉर्वे-स्वीडनपासून सैबेरिया आणि पलीकडे अलास्का-कॅनडापर्यंत पृथ्वीच्या डोक्याला मुंडासं बांधल्यासारखा हा पट्टा गेलाय.

पहिले पंधरा दिवस मलाही ख्रिसमस ट्रीच दिसली, खोटं कशाला बोलू. मुख्य झाडं तीनच. पाइन, स्प्रूस आणि पांढऱ्या सालीचा बर्च, म्हणजे आपल्या पोथ्यांच्या भूर्जपत्राचा भाऊबंद. आपल्याकडे सत्तरी तालुक्याच्या रानात चार पावलं टाकली तर दहा जातींची झाडं लागतात, तिथे गाडीतून शंभर किलोमीटर गेलं तरी तीच तीन. ही तर म्हणाली, एकच फोटो काढ, बाकीचे त्याचेच कॉपी समज.

मग एक दिवस जावई गाडी चालवत होता आणि मी खिडकीतून बघत होतो, खोडांच्या मधून एकदम सरळ रेघ दिसली, मग दुसरी, मग तिसरी. म्हटलं गाडी थांबव. उतरून बघितलं तर झाडं ओळीत, एका वयाची, एका जाडीची, जशी शाळेची पोरं प्रार्थनेला उभी. आणि मला हसूच आलं कारण ही ओळ मला ओळखीची होती, मी स्वतः अशा ओळी घातल्यात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माझी नोकरी खाणीवर गेली. शेवटची बरीच वर्षं माझ्याकडे झाडं लावायचं काम होतं. खनिज काढून झालं की उरलेल्या मातीचे जे डोंगर उभे राहतात ना, डंप, त्यांच्यावर पावसाच्या तोंडाला आम्ही ऑस्ट्रेलियन अकेशिया लावायचो, हजारोंनी. ते झाड काही म्हणजे काही मागत नाही. हवेतला नायट्रोजन मुळांतल्या जिवाणूंकडून करून घेतं, मुरमातसुद्धा वाढतं, तीन-चार वर्षांत डंप हिरवागार. पाहुणे यायचे, फोटो निघायचे, "बघा, जंगल परत आणलं!" खाली उतरून बघितलं तर वाळक्या पानांचा जाड थर, चुरनाचं झुडूप नाही, करवंदाची जाळी नाही, काही नाही. मलाही पगार मिळत होता त्यामुळे मीही जंगलच म्हणायचो. पण हिरव्या रंगाने डोळा कसा फसतो हे मला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

फरक एवढाच की आपला अकेशिया आठ-दहा वर्षांत तोडणीला येतो आणि त्यांच्या उत्तरेकडच्या पाइनला ८०-१०० वर्षं लागतात. म्हणजे लावणारा तोडत नाही. सगळं एका टप्प्यात साफ करायचं, यंत्राने जमीन उकरायची, नवी रोपं लावायची, की पुढचा हप्ता नातवंडांना. तोडणीचं यंत्र बघितलं मी, एक माणूस आत बसून मिनिटभरात उभं झाड कापतो, फांद्या सोलतो, तुकडे करून ठेवतो, आपल्याकडे ऊस सोलायला जास्त वेळ लागेल. झाडं मोजली तर कमी झालेली नाहीत हे खरं. लाकूड-कागदावर तो देश उभा राहिलाय, त्यामुळे त्यांना शिव्या घालायला मी बसलेलो नाही, खाणीच्या पैशावर मुलीला शिकवलेला माणूस मी.

पण खरी गंमत झाडांत नाहीच, ती पायाखाली आहे. औलूपासून गाडीने तास-सव्वातासावर रोकुआ म्हणून जागा आहे, हिमयुगानंतरच्या जुन्या वाळूच्या टेकड्या आणि त्यांवर विरळ पाइन. तिथे पोचलो तर जमीन पांढरी. ऐन उन्हाळ्यात! मला वाटलं बर्फ राहिलाय की काय, वाकून हात लावला तर मऊ, स्पंजासारखं, फुलकोबीचे बारीक गड्डे अंथरल्यासारखं. हे लायकेन. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल असतं ना, त्याचं चुलत भावंड, बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला संसार. मूळ नाही, पाणी-अन्न सगळं हवेतून आणि पावसातून. ओलं असताना मऊ, आणि कोरडं असताना पाय पडला की पापडासारखं कुरकुरत मोडतं. वर्षाला वाढतं किती तर पाचएक मिलिमीटर. म्हणजे माझ्या एका बुटाच्या ठशाचा हिशोब चुकता व्हायला वीस-तीस वर्षं, मी काही तो बघायला नसणार. पायवाट सोडू नका म्हणून पाटी होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा अशी पाटी मनापासून पाळली.

या लायकेनवर रेनडिअर हिवाळा काढतात, बर्फ खुराने उकरून. त्या प्रदेशातले मूळचे सामी लोक रेनडिअर पाळतात, आणि स्वीडनमध्ये मोजणी केली तेव्हा साठ वर्षांत लायकेनची जमीन असलेलं जंगल सत्तर टक्क्यांनी घटलेलं निघालं. का? तर तेच, जमीन उकरून दाट ओळी लावल्या, खाली ऊन पोचेना, लायकेनच्या जागी शेवाळं आलं. वरून बघाल तर जंगल तसंच हिरवं, उलट जास्तच. रेनडिअरला विचारा.

आणि मूळ नाही, सगळं हवेतून घेतं म्हणालो ना, त्याचा दुसरा अर्थ १९८६ ला कळला. एप्रिलमध्ये चेर्नोबिल झालं, किरणोत्सारी सिझियम वाऱ्याबरोबर स्वीडन-नॉर्वेपर्यंत गेलं, पावसाबरोबर खाली आलं आणि लायकेनने ते टिपकागदासारखं टिपलं. लायकेन रेनडिअरने खाल्लं, रेनडिअर माणसाने खायचा, पण मांस मोजलं तर हजारो जनावरं मारून फेकून द्यायची पाळी आली. ज्यांनी आयुष्यात विजेचं बिल नीट बघितलं नसेल त्यांच्या ताटात दुसऱ्या देशातली अणुभट्टी. ही गोष्ट ऐकली त्या रात्री मी जेवलो नाही असं नाही, जेवलो, पण गप्प जेवलो.

औलूजवळ समुद्रात हायलुओतो म्हणून बेट आहे, तिथलं हे पांढरं लायकेन पूर्वी पेट्या भरून जर्मनीला जायचं, फुलांच्या चक्रांत आणि सजावटीत घालायला. मला आपली माटोळी आठवली. कांगलां, कवंडळं, तोरिंगां अशी फळं, सुपारीची शिपटी, रानातून आणून गणपतीच्या डोक्यावर टांगायची. आम्ही लहान असताना घराच्या मागच्या डोंगरावर अर्ध्या तासात माटोळी गोळा व्हायची. आता डिचोलीच्या माटोळीच्या बाजारात विकत घेतो. मागच्या डोंगरावर काय आहे ते वर सांगितलंच.

दलदलीचंही सांगतो, कारण ते मला सगळ्यात उशिरा कळलं. तिथे जंगलात मधेच झाडं खुजी होतात आणि जमीन पायाखाली हलायला लागते, लाकडी फळ्यांवरून चालावं लागतं. खाली स्फॅग्नम नावाचं शेवाळं, स्वतःच्या सुक्या वजनाच्या वीसपट पाणी धरून बसलेलं. पहिल्या महायुद्धात जखमांवर कापसाऐवजी हे बांधत होते. मेलं की थंडीत, पाण्यात, आंबट जागेत धड कुजत नाही, थरावर थर चढतो, हजारो वर्षांचा. तोच पीट, आपल्या नर्सरीवाल्यांकडे पिशवीत मिळतो. झाडांत कार्बन आहे म्हणून आपण झाडं झाडं करतो, तिथला मोठा साठा या पायाखालच्या काळ्या थरात आहे. आणि फिनलंडने काय केलं, विसाव्या शतकात, मुख्यतः १९५० नंतर, आपल्या दलदलीतली निम्म्याच्या आसपास जमीन चर खणून सुकवली, पन्नास लाख हेक्टर, की तिथे पाइन नीट वाढावा. पाणी गेलं, पीट कुजायला लागला, हजारो वर्षं धरलेला कार्बन हवेत, गाळ नदीत. एका ठिकाणी चराच्या काठावर उभा राहून मी बघत बसलो. आखणी इतकी सरळ होती की आमच्या सर्व्हेवाल्यांनी शाबासकी दिली असती. पाणी चहासारखं तपकिरी. आमचं खाणीवरचं लाल असायचं. आता काही ठिकाणी तेच चर परत बुजवतायत, सरकारी पैशाने. आधी खणायला पैसे, मग बुजवायला पैसे, हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आपल्याकडेही अशी जागा आहे, सत्तरीत बांबर गावात निरंकाराची राय, रानजायफळाची दलदल, गुडघ्यासारखी मुळं चिखलातून वर आलेली. ती राहिली ती देवामुळे. चर खणायची कोणाची छाती झाली नाही. त्यांच्याकडे देव नव्हता म्हणून कायदा करावा लागला एवढंच.

आणखी एक. मेलेलं झाड. आपल्याला वाळकं झाड दिसलं की हात कोयत्याकडे जातो, जळण. तिथे जुन्या जंगलात पाइन मेल्यावरही उभाच राहतो, साल गळून चांदीसारखा करडा होतो, असा कित्येक दशकं, कधी शंभराहून जास्त वर्षं. त्याला केलो म्हणतात. फिनलंडच्या जंगलातल्या पाव जातींना, म्हणजे किडे, बुरशी, लायकेन सगळं धरून, मेलेलं लाकूड लागतं. ओळीच्या जंगलात म्हातारं होऊन मरायची कोणाला परवानगीच नाही, म्हणून ते जीव राहायचे कुठे? आणि केलोच्या लाकडाची घरं फार देखणी दिसतात म्हणून त्यालाही गिऱ्हाईक आहेच.

आगीबद्दल हमखास विचारतात, कारण २०२३ साली न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालेलं सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं. तो धूर कॅनडातल्या जळत्या जंगलाचा. त्या वर्षी तिथे दीड कोटी हेक्टरच्या आसपास जळलं, म्हणजे चाळीस गोवे. आता आग तिथे नवीन नाही, जॅक पाइन नावाच्या झाडाची फळं राळेने अशी बंद असतात की आगीची धग लागल्याशिवाय बी सुटत नाही, आग ही त्याची सुईण. पण एकदा जळल्यावर पोरगेल्या झाडांना फळं धरायच्या आत परत जळलं तर सुईण येऊन करणार काय. उन्हाळे तापतायत, जंगल सुकतंय, ते तसं होऊ लागलंय. त्याच वर्षी मार्चमध्ये आपली म्हादई पेटली होती, हेलिकॉप्टरं पाणी घेऊन घरावरून जात होती. ते मात्र कोणाला आठवत नाही, मी आठवण करून दिली तर म्हणतात "हो हो, ते पण होतं".

हिला विचाराल तर ती सांगेल की आम्ही तिथे बेऱ्या वेचल्या. तेही खरं. तिथे जंगल कोणाचंही असो, बेरी आणि अळमी कोणीही काढावी असा रिवाज आहे, भाटकार, म्हणजे जमीनमालक, काठी घेऊन येत नाही. जुलै संपता संपता दलदलीत हिल्ला पिकते, केशरी, रास्पबेरीसारखी, एका देठाला एकच. डासांनी आम्हाला फोडून काढलं पण हिने डबा भरला. तिचं फूल-फळ फिनलंडच्या दोन युरोच्या नाण्यावर आहे, निघताना मुलीने एक नाणं माझ्या पाकिटात टाकलं, राहू दे म्हणाली.

गेल्या आठवड्यात डिचोलीला बसस्टँडवरून पायलट, म्हणजे आमच्याकडची मोटरसायकल टॅक्सी, केला, उतरताना घाईत दहाचं नाणं म्हणून तेच दिलं. पोरगा चांगला, पुढे जाऊन परत आला. "बाब, हें आमचें न्हय. फूल कसलें हें?" म्हणाला. मी सांगायला लागलो. त्याने गाडीचं इंजिन बंद केलं.