'मोठ्या' शब्दांचा संग्रह: शिडी मोडली, खण पाडले

इंग्रजीत 'मोठा' या अर्थाच्या शब्दांची जी कार्डं जमवणं चालू आहे, त्यांची मांडणी या टप्प्यात पूर्ण बदलली. आधीचा क्रम चढता होता: बिग, लार्ज, ह्यूज, इनॉर्मस, जायगॅंटिक, कलॉसल. तो वाक्य लिहिताना काहीच कामाला येत नाही. कलॉसल हे इनॉर्मसपेक्षा मोठं की लहान, हे कोश सांगत नाही आणि सांगणारही नाही. टोलेजंग, धिप्पाड आणि अथांग यांना आपण तरी एका शिडीवर कुठे लावतो? इमारत टोलेजंग, पैलवान धिप्पाड, समुद्र अथांग. इंग्रजीतही आधी मोठेपणा कसला ते बघावं लागतं, मग शब्द सापडतो.

पहिला खण पसाऱ्याचा, त्यात 'वास्ट'. याचं लॅटिन मूळ 'ओसाड, रिकामं' अशा अर्थाचं आहे. 'वेस्ट' आणि 'डिव्हास्टेट' हे त्याच घरातले. म्हणून वास्ट डेझर्ट, वास्ट ओशन, वास्ट प्लेन्स सहज बसतात, पण हत्तीला वास्ट म्हटलं की वाक्य अडखळतं. शेजारचा खण वजनाचा: 'मॅसिव्ह'. मॅसिव्ह डोअर म्हटलं की जाड, अवजड दार डोळ्यांपुढे येतं. हल्ली बोलण्यात मॅसिव्ह सक्सेसपासून मॅसिव्ह डिस्काउंटपर्यंत सगळीकडे तो चालतो. तरी ठोस वस्तूचं वर्णन करताना वजन अभिप्रेत असेल तेव्हाच वापरलेला बरा.

मापाच्या खणात दोन जुळे आहेत. 'इनॉर्मस'मधलं 'नॉर्मा' म्हणजे लॅटिनमध्ये सुताराचा गुण्या. गुण्यात न बसणारं ते इनॉर्मस. 'इमेन्स' म्हणजे ज्याचं माप घेतलेलं नाही असं. त्यामुळेच की काय, इमेन्सला न दिसणाऱ्या गोष्टी जास्त मानवतात: प्रेशर, रिलीफ, व्हॅल्यू. इनॉर्मसच्या कार्डावर लाल शाईने एक सूचना हवीच: 'इनॉर्मिटी' हे त्याचं साधं नाम समजू नका. त्याचा जुना आणि अजूनही जपला जाणारा अर्थ घोर दुष्कृत्य असा आहे. एखाद्या धरणाची 'इनॉर्मिटी' लिहिली तर चोखंदळ वाचक दचकतो. आकारच सांगायचा असेल तर 'साइझ' किंवा 'स्केल' लिहून मोकळं व्हावं.

सगळ्यात भरलेला खण राक्षसांचा आणि प्राण्यांचा. जायगॅंटिक आणि टायटॅनिक हे ग्रीक पुराणातून आले. कलॉसलमागे ऱ्होड्स बेटावरचा सूर्यदेवाचा पुतळा आहे, सुमारे 33 मीटर उंच, जो इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातल्या भूकंपात कोसळला. कलॉसल त्यामुळे पुतळे, खांब, इमारती यांच्याशी घट्ट जमतो. कलॉसल मिस्टेकही रूढ आहे. गारगॅंट्युअन हा फ्रेंच लेखक राबले याच्या खादाड राक्षसाच्या नावावरून, म्हणून ॲपेटाइट आणि मील यांच्यासोबत तो खुलतो. ब्रॉबडिंगनॅगियन हा स्विफ्टच्या 1726 च्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' या पुस्तकातल्या देशाचा, जिथे सगळं बारा पट मोठं. याच्या स्पेलिंगमध्ये 'डिंग'मधला एन हमखास गळतो.

'मॅमथ' रशियनमधून इंग्रजीत आला तो नाम म्हणून. विशेषण म्हणून अमेरिकेत तो राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या काळात उचलला गेला. 1802 च्या पहिल्या दिवशी त्याला भेट आलेलं 1,235 पौंडांचं चीज 'मॅमथ चीज' म्हणूनच गाजलं. आज त्याची खरी जोडी कामाशी आहे: मॅमथ टास्क, मॅमथ प्रोजेक्ट. 'जम्बो' हा शब्द आधीपासून होता, पण घरोघरी पोचवला तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या त्याच नावाच्या हत्तीने, जो 1882 मध्ये बार्नमच्या सर्कशीत गेला. हा शब्द विकायच्या मालाला लागतो: जम्बो पॅक, जम्बो जेट. मुंबईच्या रेल्वेचा 'जम्बो ब्लॉक' (दुरुस्तीसाठी बराच वेळ गाड्या बंद ठेवणं) मात्र बाहेरच्या वाचकाला कळणार नाही, म्हणून त्या कार्डावर 'भारतीय वापर' असा शिक्का.

लिव्हायथन, बिहीमथ आणि जगरनॉट ही नामं आहेत, ती वेगळी ठेवावीत. पहिली दोन हिब्रू बायबलमधली. तिसरं पुरीच्या जगन्नाथाचं नाव, जे रथावरून इंग्रजीत 'वाटेत येईल ते चिरडत जाणारी शक्ती' झालं. ब्रिटनमध्ये अवजड ट्रकलाही तेच म्हणतात. पुरीत मात्र तो देवच आहे, आणि ही तफावत कार्डावर नोंदवणं आपलं कामच आहे.

कुठल्या शब्दासोबत कुठलं नाम येतं, या जोड्या तपासायला गूगलचा एनग्रॅम व्ह्यूअर, म्हणजे पुस्तकांतला शब्दांचा वापर मोजणारं साधन, सर्वात सोयीचा. शब्द लिहा, जागा सोडा, तारा (*) टाका, लगेच अंडरस्कोर आणि मोठ्या अक्षरांत 'नाऊन'. पुस्तकांत त्या शब्दाच्या पुढे सर्वाधिक येणारी दहा नामं मिळतात. पहिली पाच कार्डावर उतरवा. टायटॅनिक शोधताना पहिलं अक्षर लहानच ठेवा, नाहीतर 1912 च्या जहाजाची पुस्तकं सगळा निकाल व्यापतात. मॅमथ नुसता शोधला तर प्राणीही मोजला जातो. शब्दाला लागून अंडरस्कोर आणि मोठ्या अक्षरांत ए-डी-जे जोडलं की विशेषणाचा आलेख वेगळा निघतो.

प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात 'व्हेरी' चालतं की नाही याची खूण करा. बिग आणि लार्ज यांना चालतं. ह्यूजपासून पुढच्या शब्दांत 'खूप' आधीच भरलेलं असतं, म्हणून 'व्हेरी ह्यूज' कानाला खटकतं; तिथे 'ॲब्सोल्यूटली' किंवा 'ट्रूली' लावा. आपल्याकडे ही चूक फार होते, कारण मराठीत 'खूपच प्रचंड' सर्रास चालतं. आणि क्वांटिटी, अमाउंट, नंबर यांच्यापुढे लार्ज लावा, बिग नको.

ह्युमंगस आणि जिनॉर्मस बोलीच्या खणात गेले. अर्जात किंवा अहवालात ते नकोत. ट्रिमेंडस आणि स्टुपेंडस अजून टेबलावरच आहेत. एकाचं मूळ थरथरण्यात, दुसऱ्याचं थक्क होण्यात, म्हणजे दोन्ही बघणाऱ्याची अवस्था सांगतात. त्यांना आकाराच्या संग्रहात घ्यायचं की बाजूला नवा खण करायचा, हे पुढच्या टप्प्यात त्यांची नामं तपासून ठरेल. 'टेराबाइट'मधल्या 'टेरा'चं कार्ड मात्र आत्ताच राक्षसांच्या खणात टाकलं आहे: 1960 मध्ये आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत आलेला हा उपसर्ग ग्रीक 'टेरास'वरून, म्हणजे अक्राळविक्राळ प्राण्यावरूनच घेतलेला आहे.