४०१ तरंगलांबींपैकी कोणत्या?
पेट्रोलच्या ऑक्टेन क्रमांकाचा जुना विदासंच मी विद्यार्थ्यांना आवर्जून देते: ६० नमुने, आणि ९०० ते १७०० नॅनोमीटरमध्ये दर २ नॅनोमीटरला एक अशा ४०१ तरंगलांबींवर प्रत्येक नमुना किती प्रकाश शोषतो याची मोजमापं; त्यांवरून ऑक्टेन क्रमांकाचा अंदाज बांधायचा. नमुन्यांपेक्षा चलं (इथे तरंगलांबी) जास्त, म्हणजे साधं लीनियर रिग्रेशन इथे चालतच नाही. मग मुलं लासो लावतात, म्हणजे मोजकीच चलं ठेवून बाकीच्यांचे गुणांक शून्य करणारं रिग्रेशन. पण शेजारच्या तरंगलांबी जवळपास एकच गोष्ट सांगत असतात. लासो त्यातली एखादी उचलतो; नमुने थोडे बदलले की दुसरीच. मला ते पटत नाही. मी सुट्या तरंगलांबींऐवजी सलग तरंगलांबींचे पट्टे निवडते. १२०० नॅनोमीटरच्या आसपास कार्बन-हायड्रोजन बंधाचा दुसरा ओव्हरटोन येतो, म्हणजे बंधाच्या मूळ कंपनाच्या साधारण तिप्पट वारंवारतेला होणारं शोषण. तिथला पट्टा निवडला गेला तर निवडीमागे रसायनशास्त्र दिसतं, आणि माझा विश्वास बसतो. आणि कळकळीने सांगते, ही निवड क्रॉस-व्हॅलिडेशनच्या (दर फेरीत काही नमुने बाजूला ठेवून त्यांवर मॉडेल तपासण्याच्या) प्रत्येक फेरीत नव्याने करा. सगळे नमुने पाहून आधीच चलं ठरवली, तर त्रुटी खोटीच कमी दिसते.