सड्यावर झाडं नकोत

रविवार, रात्र, सातारा

आज जेवताना मामाशी परत तोच वाद. गावच्या वरचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळाचं पठार, "मोकळाच पडलाय की सगळा" म्हणून तिथं तरुण मंडळाला घेऊन झाडं लावायची आणि प्लॅन मी काढून द्यायचा, कारण मी 'ते बागेचं' शिकते. लँडस्केप आर्किटेक्चर म्हणजे बाग, हे आता घरात कुणाला पटवायच्या भानगडीत मी पडत नाही. पण सड्यावर झाडं? नको म्हटलं तर मामी म्हणते कशी, बघा, शिकून पोरगी झाडांच्या विरोधात गेली!

मधल्या वारी कासच्या पठारावर जाऊन आले होते, सुट्टीच्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा नसते. सगळे तेरड्यापुढं उभे राहून सेल्फी काढत होते आणि मी कातळावर पालथी पडून सीतेची आसवं बघत होते. जांभळट निळं, नखाएवढं फूल, खाली बोटभर ओला चिखल, त्याच्याखाली थेट जांभा. ह्या झाडाला खरी मुळंच नसतात, बारीक बारीक फुगे असतात आणि त्यात ते पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतं, कारण त्या मातीत नायट्रोजन जवळजवळ नाहीच. म्हणजे माती निकस आहे म्हणून तर हे सगळं टिकलंय. तिथं खड्डे काढले, शेणखत टाकलं, वर सावली केली की गवत माजणार आणि ही चिमुकली मंडळी गायब. कासवर 850 च्या वर सपुष्प वनस्पती नोंदल्यात, 2012 ला पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीत आलं ते काही उगाच नाही. पण मामाच्या सड्याला कुणी बोर्ड लावलेला नाही ना, मग ती पडीक जमीन.

हे मला आधी कुठं कळत होतं म्हणा. पहिल्या सेमिस्टरला स्टुडिओत सरांनी इयान मॅकहार्ग ह्या लँडस्केप आर्किटेक्टची पद्धत करायला लावली, एकाच नकाशावर ट्रेसिंगचे थर ठेवायचे, एक खडकाचा, एक पाण्याचा, एक मातीचा, एक झाडोऱ्याचा, आणि सगळे एकावर एक ठेवले की जिथं गडद दिसेल तिथं हात लावायचा नाही. आता तेच क्यूजीआयएस ह्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं पण मला ट्रेसिंगच आवडतं. मी यवतेश्वर ते कास पट्टा घेतला होता आणि तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं की आमच्या शहराला कास तलावाचं पाणी पंपाशिवाय नुसत्या उतारानं येतं. लहानपणापासून पितेय ते पाणी!

तेव्हापासून सुट्टीला आले की उतारच बघत फिरते. लिंब गावची विहीर तर पाठच झालीय, 1719 ते 1724 मधलं विरूबाई भोसल्यांचं बांधकाम, अष्टकोनी, नाव बारामोटेची असलं तरी मोटा 15 चालायच्या, आणि वर उभं राहिलं की आमराईकडं पाणी कसं जात असेल ते आपोआप कळतं. (स्केच मात्र अजून जमत नाही, कमान दरवेळी वाकडी.) बाकी छंद म्हणजे जुन्या पेपरात पानं दाबून ठेवणं, आईला त्याची रद्दी वाटते.

गंमत अशी की मला सगळ्यात आवडलेलं लँडस्केपचं काम खडकावर झाडं लावण्याचंच आहे. गुजरातेत टिंबा गावात लँडस्केप आर्किटेक्ट प्रभाकर भागवतांनी दगडाच्या जुन्या खाणीत जंगल उभं केलं. पण ती जमीन माणसानं फोडलेली होती, उघडी पाडलेली होती. सडा कुणी फोडलेला नाही, तो तसाच आहे, पूर्ण. एवढाच फरक मला मामाला सांगता येईना आणि आवाज चढला.

मग जरा शांत झाल्यावर त्याला म्हटलं, सड्यावरनं पाणी उतरतं तो ओढा बघ, काठ ढासळलाय, तिथं लावूया. उंबर, करंज, जांभूळ. गुलमोहर अजिबात नको. मामा म्हणाला ओढ्यात लावली तर रस्त्यावरनं दिसणार कुणाला, मंडळाचा फोटो कसा येणार? खरं कारण हे होतं तर! उद्या सकाळी त्याला गाडीवर घालून ओढ्यावर नेते, मंडळाच्या अध्यक्षालापण घेऊ म्हणतोय, बघू. लिस्ट आत्ताच व्हॉट्सॲपवर टाकलीय, निळी टिक आली, उत्तर नाही.